तहश आणि दोन नवस

१५ फेब्रु., रवि. (महाशिवरात्र)

पहाटेपासून शिवमंदिराच्या रांगेत. दर्शनाला नव्हे, बातमीला. दरवर्षीचीच बातमी, यंदा फक्त पाळणेवाल्यांचं जागेवरून भांडण नवीन. ‘भाविकांची अलोट गर्दी’ मी लिहिलं नाही तरी कल्याणहून संपादक घालतातच, म्हणून या खेपेला मीच घालून टाकलं. उसाचा रस दोनदा. पाय मेले.

जिना चढतेय तर फ्लोरामावशी दारात उभी, हातात सोललेल्या मटारांचं पातेलं. माझ्या खालच्याच मजल्यावर राहते. बेने इस्राएल, म्हणजे आमच्या कोकणातले ज्यू. वय सहासष्ट, नवरा, बेन्यामिनकाका, जाऊन बरीच वर्षं झाली. इमारतीत मला ‘पंडितीण’ म्हणणारी ती एकटीच. (बौद्धाघरची पोर संस्कृतात एम.ए. झाली तेव्हा आमच्या वस्तीत म्हणाले, आता ही सत्यनारायण सांगणार. मावशीचं म्हणणं, बातम्या सांगतेस म्हणजे तेच की, प्रसाद तेवढा नाही.)

“वर जाऊ नको. आत ये. रहमीमभाऊंनी विचारलंय.”

“काय विचारलंय?”

“या वयात माणूस काय विचारतो गो? मटारचा भाव नाहीतर लग्नाचं. भाव नाही विचारलेला.”

रहमीमकाका बदलापूरचे. कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. सत्तरीचे, विधुर. दर शनिवारी इथल्या प्रार्थनेच्या खोलीत पाठ वाचायला येतात, आणि नंतर मावशीकडे जेवून, भांडून जातात. भांडण पाठावरून. इतकी वर्षं मी ते भांडण धार्मिक समजत होते. वार्ताहर म्हणून माझी किंमत ही एवढी.

पुढे लिहायचं होतं, पण पाय


१६ फेब्रु., सोम.

फ्लो.मा.ने पुण्याला मुलाला फोन केला. तो आधी हसला. मग म्हणाला, “आई, काकांना डायबेटिस आहे का तेवढं विचार.” मावशी रागावली. मग म्हणाली, नाहीये, मला माहीत आहे.

मी म्हटलं, नको असेल तर नाही सांगून टाक.

“तोंडावर? बेन्यामिन आजारी होते तेव्हा हा माणूस रोज बदलापूरहून यायचा, त्यांची दाढी करायचा. त्याला तोंडावर नाही कसं म्हणू?”

“मग हो म्हण.”

“ते तर शक्यच नाही. माझं झालं आता. संसार केला, पोर वाढवलं, नवऱ्याचं केलं. जत्रा उठल्यावर कोण पाळणा लावतो?”

तर यावर उपाय असा निघाला. एलियाहू हानाबीला मलिदा बोलली. हा त्यांचा संदेष्टा कधी मेलाच नाही, रथात बसून जिवंत वर गेला, आणि जाताना अलिबागेकडच्या खडकावर त्याचा रथ टेकला, अशी यांची पक्की समजूत. घरात काहीही अडो, नवस याच्याच नावाने. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळं रचायची, प्रार्थना म्हणायची, सगळ्यांनी खायचं.

नवस: रहमीमभाऊंच्या डोक्यातून हे आपोआप जाऊ दे, मी मलिदा करीन.

“आणि त्याने नाही ऐकलं तर?”

“ऐकणार नाही कसा? तो कोकणात उतरलाय. आमचाच आहे.”

कुणाला बोलले तर मी विकतच्या चकल्या घरच्या म्हणून वाटते हे सगळ्या इमारतीला कळेल, अशी तंबी. मौन पत्करलं.


१८ फेब्रु., बुध.

बदलापूर. पाण्याच्या टाकीची बातमी. टाकी होती, पाणी नव्हतं, अधिकारी नव्हता. परतताना बाजारात र.का. भेटले. “वार्ताहरबाई, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.” घर नीटनेटकं, एकट्या पुरुषाचं असतं तसं: एक कप, एक बशी, पाहुणा आला की दुसरा कप शोधावा लागतो.

बराच वेळ टाकीवर बोलले. मग, “फ्लोरा काही बोलली?”

“मटारबद्दल बोलली.”

“हं.” चहा ढवळत राहिले. साखर घालायची राहिलीय हे त्यांच्या लक्षात नव्हतं. “तुम्हाला म्हणून सांगतो, कुणाला बोलायचं नाही. मी एलियाहूला मलिदा बोललोय. रविवारीच, विचारून घरी आलो तसा. फ्लोरा हो म्हणाली की करणार.”

मला ठसका लागला.

“काय झालं?”

“आलं जास्त झालंय.”

“आलं घातलंच नाही.”

तर आता एकाच दरबारात दोन अर्ज, एकमेकांच्या उलट, लाच दोन्हीकडून सारखीच. जगात हे फक्त मला ठाऊक. आमच्या व्याकरणात दोन सारख्या जोराचे नियम भिडले की नंतरचा जिंकतो. त्या हिशेबाने सोमवारचा नवस रविवारच्याला मारणार. हे र.का.ना सांगितलं नाही. हानाबीने व्याकरण केलं नसावं अशी आशा.


२१ फेब्रु., शनि.

आजचा दिवस नीट लिहायचा आहे.

आज त्यांच्याकडे तहशाचा पाठ होता. दरवर्षी या सुमारास येतो. रानातून भटकताना देवाने मोशेला पवित्र तंबू बांधायला सांगितला, त्याच्या सामानाची यादी: सोनं, रुपं, निळं सूत, लाल रंगवलेली मेंढ्यांची कातडी, बाभळीचं लाकूड, आणि सगळ्यात वरून घालायला तहशाची कातडी. बाभूळ आपल्या पालेगावात रस्त्याकडेला उभी आहे, त्यामुळे तिथवर सगळं समजतं. तहश मात्र कुणी पाहिलेला नाही. मराठी भाषांतरातही बिचाऱ्यांनी तहशच ठेवलाय, दुसरं काय करणार. परंपरा सांगते: कपाळावर एकच शिंग. कातडीवर नाना रंग. तेवढ्या एका कामापुरता जगात आला, काम झालं, देवाने लपवून टाकला. आणि तो घरचा प्राणी होता की रानचा, हे जुन्या ज्ञानी मंडळींनाही शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

जेवणं झाली. मी, मावशी, र.का. मटाराची उसळ, नारळाच्या रसातला भात. विचारलेल्या गोष्टीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सगळं तहशाच्या अंगावर.

मावशी: “ज्या कामाला आणला ते झालं, देवाने उचलून ठेवला. शहाणा देव. आता कुणी म्हणतं का, बाबा रे, परत ये, अजून एक तंबू बांधू?”

र.का.: “म्हणजे एकदाच आला. आला तेव्हाच धरायचा होता. मोशे म्हणाला असता, राहू दे, बघू पुढल्या वर्षी, तर तंबू उघडा राहिला असता.”

“मोशेला घाई होती.”

“मोशे ऐंशीचा होता, फ्लोरा.”

मावशीने उगाचच भात वाढला, कुणी मागितलेला नसताना.

मग दोघं माझ्याकडे वळली. “पंडितीण, तुमच्यात आहे का असलं जनावर?”

मी म्हटलं, संस्कृतात शरभ आहे, पण त्याला पाय आठ, त्याचं कातडं शिवणारा परवडणार नाही. एकशिंगी म्हणाल तर आमच्या पाली ग्रंथांत गेंडा आहे. माणसाने गेंड्यासारखं एकटं हिंडावं असं सांगितलंय.

“बघा!” मावशी टाळी वाजवून, “हिच्या धर्मातसुद्धा एकटंच राहा म्हटलंय.”

“ते भिक्षूंना, मावशी.”

“मग तू का गो हिंडतेस?”

“मी वार्ताहर आहे. हिंडणं हा धंदा आहे.”

र.का. हसले. नंतर हळूच, भाताकडे बघत: “घरचा की रानचा तेवढं जरी कळलं असतं.”

“भाऊ, तुम्हाला ताक देऊ?” मावशी.

हे ‘भाऊ’ त्यांना खड्यासारखं लागतं. आज पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं मी काय बघत होते?


२२ फेब्रु., रवि.

सकाळी र.का.चा फोन. “काल एक सांगायचं राहिलं. जुन्या अरामी भाषांतरात तहशाचं नावच नाहीये. त्या जागी एक शब्द घातलाय, त्याचा अर्थ आपले लोक असा लावतात: जो आपल्याच रंगांचा आनंद मानतो.”

“हे काल का नाही बोललात? वाद जिंकला असतात.”

“फ्लोरा समोर होती.”

दिवसभर हेच डोक्यात. जनावर केवढं, खातं काय, चावतं का, काही नोंद नाही. नोंद काय, तर ते खूश होतं. स्वतःच्या अंगावरच्या रंगांवर. गर्वाने नव्हे, हे मला महत्त्वाचं वाटतं. गर्वाला दुसरा कुणी कमी रंगाचा लागतो. आणि असल्या प्राण्याचं कातडं देवाने घातलं कुठे? आत नाही. आत तर निळं-जांभळं विणकाम, सोनं. हे सगळ्यात वर, बाहेरून. ऊन, धूळ, पाखरांची शीट, सगळं त्याच्यावर. पावित्र्य आत, आणि त्याचं छप्पर आनंदाचं. आम्हाला शिकवलेलं सगळं उलट: आनंद आत गाभ्यात, पाच कोश सोलत जा. हे म्हणतायत, अहो, तो छपरावर आहे, जाता-येता दिसेल.

मला हे पटलं. चिडचिड होईल इतकं पटलं.

शिवाय तो ‘काम झालं म्हणून निकालात’ काढला असं कुठे म्हटलंय? लपवला म्हटलंय. लपवतो माणूस काय? आवडीचं.

(एक गोष्ट इथेच कबूल. मावशी बदलापूरला गेली तर खालच्या मजल्यावर कोण. बदलापूर म्हणजे काय, पुढचंच स्टेशन. तरी.)


२५ फेब्रु., बुध.

मावशीबरोबर उल्हासनगर, कॅम्प ५. पुरिमला साडी हवी. पुरिम हा त्यांचा मौजेचा सण, मुलं सोंगं घेतात. जुने लोक त्याला ‘होळीचा सण’च म्हणायचे. यंदा तर धुळवडीच्याच दिवशी येतोय.

दुकान नेहमीचं, हरीशभाईंचं. सिंधी माणूस, मावशीला ‘अदी’ म्हणतो, म्हणजे ताई. मावशीने नेहमीप्रमाणे राखाडी साडी उचलली. बेन्यामिनकाका गेल्यापासून राखाडी, मातकट, फार झालं तर बदामी.

हरीशभाई: “अदी, एक बात बोलू? बुरा मत मानो. ह्या रंगात आपण सोफ्याचं कव्हर विकतो.”

“मग बरोबर आहे. पोरं येतात, बसतात, जातात. सोफाच झालेय मी.”

त्याने ऐकलं न ऐकलं केलं आणि वरच्या फळीवरून एक धूपछाव सरकवली. इकडून जांभळी, तिकडून हिरवी, मध्येच मोरपिशी काहीतरी.

“हा नक्की रंग कोणता?” मावशी.

“अदी, इतने साल से बेच रहा हूँ, मुझे भी नहीं समझा. समजलं तर फोन करतो.”

तेव्हा मी तिला अरामी अर्थ सांगितला. कुणी सांगितला तेही सांगितलं, आणि समोर असताना का नाही सांगितला तेही. मावशी साडीचा पदर हातावर घेऊन दुकानाच्या दारापर्यंत गेली, उन्हात धरला, उलटा केला, परत सुलटा. हरीशभाईंनी मला डोळ्यांनी खूण केली: बोलू नका. धंद्यातला माणूस.

“घेते,” शेवटी मावशी म्हणाली. “भाच्याच्या बायकोला होईल.”

मावशीला भाचा नाही. मी काही बोलले नाही.

(बोलले. रिक्षात.)


१ मार्च, रवि.

सकाळी मावशी: “जाडे पोहे आणून ठेव गो. लागले तर.”

दुपारी र.का. फोनवर: “बाई, तिकडचे जाडे पोहे चांगले मिळतात. आणून ठेवा. लागले तर.”

दोघांचे एकदम आणले. कोपऱ्यावरच्या वाण्याने पिशव्या बघून विचारलं, “ताई, कांदेपोहे? मुलगी बघायला येतायत का कुणाकडे?”

म्हटलं, तसंच समजा. मुलगी जरा मोठी आहे.


३ मार्च, मंगळ. (धुळवड / पुरिम)

हसून बरगड्या दुखतायत, अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी प्रार्थनेच्या खोलीत गेले. मी दरवर्षी जाते, गोडाला. मावशी माझ्या आधीच तिथे, धूपछाव नेसून. मी म्हटलं, भाच्याची बायको छान दिसतेय. “गप.”

आज एस्तेर राणीची गोष्ट वाचतात. दुष्ट हामानाचं नाव आलं की मुलांनी ताटल्या, डबे, चमचे वाजवून ते बुडवायचं. मुलं तयार, डबे तयार, वाचणारा नाही. र.का.चा पत्ता नाही. फोन उचलत नव्हते. माणसं घड्याळं बघायला लागली. मावशी तीनदा खिडकीशी जाऊन आली.

“आज रस्त्यावर नाही नाही ते लोक असतात. या वयात सांगायचं कोणी यांना, रिक्षाने या म्हणून? आधीच निघायला नको? चष्मा फुटला म्हणजे?” हे कुणालाच उद्देशून नव्हतं. मी मनातल्या मनात टिपून घेतलं.

मग दार उघडलं.

पालेगावाजवळ नव्या इमारतींच्या फाटकाशी पोरांनी रिक्षा अडवली म्हणे. “काका, एक टिळा फक्त.” काका म्हणाले, एकच हं. सदरा घरून निघाला तेव्हा पांढरा होता. आता छाती जांभळी, पाठ पिवळी, अर्धं डोकं हिरवं, कान गुलाबी, आणि गालावर तो चंदेरी ऑइलपेंट जो आठवडाभर जात नाही. चष्मा शाबूत.

दारात एक चिमुरडी पहारा देत होती. मुलांनी सोनेरी कागदाच्या शंकूच्या टोप्या केल्या होत्या, आणि टोपीशिवाय आत सोडायचं नाही असा हुकूम. तिने काकांना वाकायला लावलं, टोपी चढवली. टोपी लहान, डोकं मोठं. रबर सुटून मागे गेलं आणि शंकू सरकत बरोबर कपाळावर येऊन उभा राहिला.

काका सरळ झाले. उशीर झाल्याची माफी मागायला तोंड उघडलं, आणि आम्ही सगळे असे का बघतोय ते न कळून तसेच उभे राहिले. नाना रंगांचे. एकशिंगी.

कुणी हललं नाही. हा पाठ सगळ्यांनी नुकताच ऐकलेला.

मग मावशी, अगदी गंभीरपणे, खोलीच्या त्या टोकावरून:

“घरचा की रानचा?”

काकांना कळायला क्षणभर लागलं. हात कपाळाकडे गेला, शिंग चाचपलं. काढलं नाही.

“ज्ञानी लोकांचं ठरलेलं नाही,” म्हणाले.

मावशी हसायला लागली. मी तिला असं हसताना पाहिलेलं नाही. बेन्यामिनकाका होते तेव्हाही नाही. भिंत धरून, खाली बसून, डोळ्यांतून पाणी. मग सगळी खोली. हामान यायच्या आधीच मुलांनी डबे बडवायला घेतले.

काकांनी कोपरापर्यंत हात धुतले, एस्तेरच्या गोष्टीच्या चर्मपत्राच्या गुंडाळीला रंग लागू नये म्हणून, आणि सगळी गोष्ट शिंगासकट वाचली. आवाज खणखणीत. एवढ्या आनंदाने मी त्यांना वाचताना ऐकलेलं नाही. आपल्याच रंगांचा, वगैरे.

नंतर चहा. मावशी त्यांच्या कानामागचा रंग पुसायला लागली. रुमाल मिळेना, तर पदरानेच. गुलाबी उतरला पदरावर.

मी म्हटलं, आता ही साडी भाच्याच्या बायकोला देता यायची नाही.

“दिसतंय मला,” मावशी म्हणाली. पुसत राहिली.


५ मार्च, गुरु.

मावशी जिना चढून वर आली. गुडघ्यांमुळे कधी येत नाही, तेव्हा गंभीर असणार.

“माझा नवस फसला गो.”

“कसा?”

“मी म्हटलं होतं, त्यांच्या डोक्यातून जाऊ दे. ते राहिलं बाजूला, माझ्या डोक्यात आलं. आता मलिदा करायचा की नाही?”

मला दोन्हीकडून शपथ. पण काही प्रसंगी मौन हे पाप असतं असं कुठेतरी असेलच, सापडेल मागाहून. सांगून टाकलं र.का.च्या नवसाचं.

मावशी माझ्या उंबऱ्यावरच बसली. “म्हणजे मी हो म्हटलं तर यांचा मलिदा. नाही म्हटलं तर माझा.”

“हो.”

“म्हणजे त्याला मिळणारच.”

“हो.”

“म्हणून! म्हणून तो काही ठरवत नाही, बसलाय वर मांडी घालून!”

पुन्हा हसू. मग मी तिला विचारलं, भीती कसली वाटते? म्हणाली, लोकांची नाही. बेन्यामिनची पण नाही, त्यांना आवडायचे भाऊ. “सवय झालीय न दिसायची. परवा सगळे बघत होते माझ्याकडे. साडीकडे. मला आवडलं, हीच भीती.”

मी काही बोलले नाही. या खेपेला खरंच.

उठताना तिनेच निकाल लावला: “एलियाहूवर ओझं नको. आपण आधीच देऊन टाकू. दोन नवस, एक मलिदा. ठरवायचं ते त्याने मोकळ्या मनाने ठरवू दे.”

माझ्या फोनवरून लावला.

“शनिवारी दिवेलागणीनंतर मलिदा आहे. नारळ तुमचे.”

पलीकडे: “कुणाचा नवस, फ्लोरा?”

“या तर खरं.”


७ मार्च, शनि.

शब्बाथ, म्हणजे त्यांचा शनिवारचा विसावा, सुटल्यावर मलिदा, मावशीच्या घरी. पोहे दोन्ही घरचे एकाच परातीत. नारळ र.का.नी स्वतः खवले, विळीवर बसून. सत्तरीच्या फिटरचा हात, एकसारखा पडत होता कीस. गालावर चंदेरी अजून आहे. गूळ मी किसला. गुळावरून सूचना दोघांच्या, एकमेकांच्या उलट, मला सवय झालीय.

वर केळी, खजूर, संत्री, सफरचंदं रचली, गुलाबाच्या पाकळ्या. हानाबीचं गाणं झालं. शेजारपाजारची मंडळी, प्रार्थनेच्या खोलीतले काही, आणि ती टोपीवाली चिमुरडी. हानाबीच्या नावाने एक बशी वेगळी काढून ठेवली खिडकीपाशी.

मावशीने सगळ्यांसमोर सांगितलं, नवस कुणाचे आणि कसले ते. र.का. ऐकत होते. आधी वेलची दाताखाली आल्यासारखा चेहरा, मग कळलं, मग खो खो. “माझ्याविरुद्ध नवस? आणि वर नारळ माझेच?”

“अर्धे पोहे माझे होते,” मावशी.

एका बाईंनी विचारलंच, “मग ठरलं का, फ्लोरा?”

मावशी म्हणाली, जुन्या मंडळींना जे सुटायचं नाही ते ते एलियाहूसाठी ठेवून द्यायचे. तो आला की सांगेल. तहशाचंही तिथेच आहे. “आमचं त्याच्या शेजारी ठेवलंय.”

बाईंना हे उत्तर वाटलं नसावं. त्यांनी केळं घेतलं.

माणसं पांगली. मी परात घासत होते. र.का. चपला शोधत होते, खूप सावकाश. पुढल्या शनिवारी तंबूचा पाठ परत आहे, तहश पुन्हा येतो त्यात, असं काहीतरी सांगत होते.

मावशी खिडकीपाशी, बशीवर जाळी घालत. पाठमोरीच म्हणाली:

“अहो, तुमच्या घरात सकाळचं ऊन कुठून येतं?”

‘भाऊ’ नव्हतं. मी नळ बंद केला.

अख्खं शास्त्र तोंडपाठ असलेला माणूस, दारात एक चप्पल पायात, एक हातात. आठवून बघितलं. भिंतीकडे बघितलं, जणू ते घर इथेच आहे.

“कधी बघितलं नाही,” म्हणाले. “बघून सांगतो.”


८ मार्च, रवि.

उजाडत असताना फोन. र.का. दम लागलेला.

“बाई, स्वयंपाकघरातून. ओट्यावर पडतं आधी, मग पुढल्या खोलीत सरकतं. बाहेरच्या बाभळीमुळे जरा अडतं, पण येतं. फ्लोराला सांगा.”

मी म्हटलं, काका, तुम्हीच सांगा.

“बरं,” म्हणून फोन ठेवू लागले. मागे कुठेतरी दोन कपांचा आवाज.

मग खाली मावशीचा फोन वाजायला लागला.